वही स्वच्छ, वजाबाकी कच्ची: दुसरीतल्या एका मुलाच्या गृहपाठाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडकोत राहणारं चार माणसांचं कुटुंब. विराज सात वर्षांचा, सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीला. म्हणजे गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. वडील संदीप अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. आई मनीषा मेन रोडवरच्या एका कापड दुकानात काम करते. आजी मूळच्या सिन्नर तालुक्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. आजोबा गेल्यापासून त्या इथेच असतात. सगळी नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत, आणि शाळेचं नाव देत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आता पालकांशी बोलते, गरज पडली तर शाळेशीही बोलते. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मनीषा आली ती एक वाक्य घेऊनच: "मॅडम, तो हुशार आहे हो, पण लिहायचा कंटाळा करतो." दुसरीच्या निम्म्या पालकांचं हेच म्हणणं असतं, त्यामुळे त्यावरून मी काही ठरवत नाही. मी गृहपाठाच्या वह्या मागितल्या आणि चाचणीचे पेपरही.

दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ती दोन वेगळ्या मुलांची कामं वाटली. वहीत ओळीने बरोबरच्या खुणा, कुठे 'छान', कुठे चांदणी. पेपरात वजाबाकीच्या बहुतेक उदाहरणांवर फुली. वहीचा कागद मात्र खोडरबर घासून घासून पातळ झालेला, दोन-तीन ठिकाणी तर भोक पडलेलं.

रोजची रात्र

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवाव्यात असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यामुळे विराजची शाळा साडेनऊला भरत होती आणि तो तीनपर्यंत घरी यायचा. जेवायचा, झोपायचा, पाचला खाली खेळायला जायचा. त्या वेळात दप्तराला कोणी हात लावत नसे, कारण 'अभ्यास मम्मी घेते' असं घरात ठरलेलं होतं.

मम्मी दुकानातून पावणेनऊला यायची. भाजी आजींनी करून ठेवलेली असे. पोळ्या, जेवणं, ओटा आवरून साडेनऊच्या सुमारास दप्तर उघडायचं. पहिला अर्धा तास गृहपाठ नेमका काय आहे ते शोधण्यात जायचा. फळ्यावरून डायरीत उतरवलेलं अर्धवट असायचं, म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं, कोणीतरी फोटो टाकेपर्यंत थांबायचं. मग दहा गणितं, एक पान शुद्धलेखन, पाच इंग्रजी स्पेलिंग. साडेदहाला विराज टेबलावर डोकं टेकायचा. त्यानंतरचा भाग मनीषाने खाली बघत सांगितला: ती उत्तर सांगायची, तो लिहायचा, चुकलं की ती खोडायची, अक्षर वाकडं आलं की पुन्हा खोडायची. अकरा वाजायचे. संदीप घरी असले तर आतून आवाज यायचा, "एवढं साधं येत नाही का त्याला?" एकदा धपाटाही बसला होता.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी, ही अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ची शिफारस आहे. विराजला रात्रीची जेमतेम आठ तास मिळत होती. दुपारच्या झोपेने थोडी भर पडायची, पण त्याच झोपेमुळे रात्री डोळा उशिरा लागायचा.

अडचण नेमकी कुठे होती

पेपरातल्या चुका एकाच जातीच्या होत्या. ५२ − २७ याचं उत्तर ३५. ६४ − ३८ याचं ३४. ८३ − ४५ याचं ४२. वरचा अंक असो की खालचा, विराज मोठ्यातून लहान वजा करत होता. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. हा आळस नाही आणि निष्काळजीपणाही नाही. मुलाने स्वतःशी एक नियम ठरवलाय आणि तो इमानाने पाळतोय. पन्नासातला एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करता येतात, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मनीषा त्याला स्वतः शिकली तसं शिकवत होती: "शेजारच्याकडून एक उसना घे." विराजने तिला एकदा विचारलं होतं, "मग परत कधी द्यायचा?" तिला हसू आलं होतं. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला. शेजाऱ्याकडून घेतलेला एक इकडे येऊन दहा कसा होतो, हेच तर तो विचारत होता.

दुसरी गुंतागुंत आकड्यांच्या वाचनाची. शाळेत 'ट्वेंटी सेव्हन', म्हणजे लिहिण्याच्या क्रमानेच बोलणं. घरी आजी 'सत्तावीस' म्हणतात; त्यात आधी सात ऐकू येतो आणि मग वीस. मी तोंडी आकडे घातले तेव्हा सत्तावीसला त्याने ७२ लिहिले आणि छत्तीसला ६३. इंग्रजीतून सांगितल्यावर दोन्ही बरोबर. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरेंचं तर विचारूच नका. हा गोंधळ एकट्या विराजचा नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, विषय विधिमंडळापर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मात्र, मुलांना याच ठिकाणी अडतं, जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, हे शांतपणे सांगत राहिल्या. दुसरीचा वर्ग ज्याने शिकवलाय त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसेल.

पण या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिसऱ्याच ठिकाणी होता. वर्गशिक्षिकेला रोज ५२ − २७ = २५ असंच दिसत होतं, कारण ३५ घरीच खोडलं जात होतं. मुलाला काय येत नाही हे आईला ठाऊक होतं. ज्यांनी ते शिकवायचं, त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. चाचणीत चुकला की बाई म्हणायच्या, "घरी तर सगळं करतो, पेपरात घाई करतो."

समोर असलेले पर्याय

मनीषाच्या मनात पहिला पर्याय क्लासचा होता. गल्लीतच एक ताई संध्याकाळी दहा-बारा मुलांचा गृहपाठ करून घेतात. फी परवडणारी होती. मी विरोध केला नाही. एकच विचारलं, की तिथे चुकलेली उत्तरं बाईंपर्यंत पोचतील का? तिने चौकशी केली. ताईंकडे सगळी मुलं गृहपाठ 'पूर्ण' करूनच घरी जातात, त्यांची ख्यातीच तशी. म्हणजे रात्र मोकळी झाली असती, पण वही अजूनच चकचकीत झाली असती. हा पर्याय बाजूला ठेवला, फेकून दिला नाही.

दुसरा पर्याय संदीप यांचा: पूर्ण इंग्रजी माध्यमात घालायचं, म्हणजे दोन भाषांचा घोळ संपेल. वर्षाच्या मध्यात शाळा बदलणं, नवी फी, आणि घरात आजी असताना मराठी कुठे जाणार होतं? शिवाय वजाबाकीची चूक भाषेमुळे नव्हतीच. हा पर्याय फार वेळ टिकला नाही.

तिसरा पर्याय नियम दाखवण्याचा. ग्रुपवर एका पालकाने केंद्राच्या शालेय दप्तर धोरणाची पीडीएफ टाकली होती. २०२०च्या त्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट म्हटलंय. या वयाच्या मुलांनी संध्याकाळी काय खेळलं, काय खाल्लं हे वर्गात येऊन सांगावं, अशी सूचना आहे. तिसरी ते पाचवीलाही आठवड्याला दोन तासांची मर्यादा आहे. त्याच्याही आधी, १९९३ साली, यशपाल समितीने प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको म्हटलं होतं. विराजचा एका रात्रीचा गृहपाठ तिसरीच्या मुलाच्या आठवड्याच्या मर्यादेजवळ जात होता. कागदावर बाजू भक्कम होती. पण ग्रुपवर त्या पीडीएफखाली काय झालं? निम्मे पालक 'शाळेने गृहपाठ दिलाच पाहिजे' म्हणून तावातावाने लिहू लागले. एकट्या आईने नियमाचं पुस्तक घेऊन मुख्याध्यापिकांकडे जायचं आणि त्याच शाळेत मुलाने आणखी दोन वर्षं काढायची, याला मनीषा तयार नव्हती. मला तिचं पटलं. धोरणाचा उपयोग आम्ही एवढाच केला की 'गृहपाठ अपुरा राहिला तर काही बिघडतं' ही तिची भीती कमी झाली.

चौथा पर्याय अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच मुळात अडचण आहे का याच्या, तपासणीचा. आकडे उलटे लिहितो म्हटल्यावर नातेवाइकांपैकी कोणीतरी 'डिस्लेक्सिया असेल' म्हणालं होतं. अशा अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत. सात वर्षांच्या मुलाने मधूनमधून आकडे उलटे लिहिणं हे तेवढ्यावरून अक्षमतेचं लक्षणही नाही. नोंद ठेवायची आणि आठ पूर्ण झाल्यावर गरज वाटली तर तपासायचं, असं ठरवलं.

उरला तो पाचवा पर्याय, कोणालाच न आवडलेला: चुका न खोडता वही शाळेत पाठवायची.

पहिला निर्णय: खोडरबर बंद

मनीषाचा चेहरा पडला. "बाई काय म्हणतील? आई लक्ष देत नाही म्हणतील." हे भय मी कमी लेखत नाही. नोकरी करणाऱ्या आईच्या मुलाची वही चुकलेली असली की शेरा मुलाच्या नावाने लिहिलेला असला तरी वाचणारी तो स्वतःलाच लावून घेते.

म्हणून आधी बाईंना भेटलो, मनीषा आणि मी. बाई तरुण होत्या, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया नकाराची होती आणि कारण ऐकल्यावर मला त्यांची दया आली: वह्यांची तपासणी होते, अपुरी किंवा चुकलेली वही सापडली की विचारणा बाईंना होते. म्हणजे स्वच्छ वही आईला हवी होती तशी बाईंनाही हवी होती. ती नको होती फक्त विराजला, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तोडगा निघाला तो बाईंकडूनच. वहीच्या मागच्या बाजूने 'घरी केलेलं' अशी वेगळी पानं सुरू करायची. तिथे विराजने एकट्याने जमेल तेवढं करायचं, वीस मिनिटं झाली की खाली रेघ, रेघेवर वेळ आणि घरच्यांची सही. खोडायचं नाही, बदलायचं असेल तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. पुढची पानं तपासणीची, ती वर्गात पूर्ण होतील. काटेकोर माणसाला ही पळवाट वाटेल. मला ती व्यवहारी वाटली, कारण तिच्यामुळे बाईंची नोकरी आणि मुलाची चूक, दोन्ही सुरक्षित राहिली.

दुसरा निर्णय: कोणी आणि कधी

इथे बराच वाद झाला. कागदावर संदीप यांच्या तीन पाळ्या मांडल्या. पहिली पाळी असली की ते चारला घरी. रात्रपाळी असली की दुपारपर्यंत झोपतात, पाचला मोकळे. दुसऱ्या पाळीत सकाळी घरी असतात. दिवसाउजेडी ज्या माणसाकडे वेळ होता, तो अभ्यासात नव्हता. जिच्याकडे अजिबात नव्हता, ती रोज बसत होती. कारण विचारल्यावर मनीषा म्हणाली, "ते चिडतात." संदीप म्हणाले, "मला शिकवता येत नाही." दोन्ही खरं होतं.

मग ठरलं की संदीप यांनी शिकवायचंच नाही. वजाबाकीची रीत घरात कोणीच सांगायची नाही, ती बाई सांगतील. घरी फक्त दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. विराजकडे पाच नोटा आणि दोन नाणी. पप्पा सत्तावीस रुपये मागणार. दोन नोटा देता येतात, सात नाणी मात्र नाहीत. मग आजींकडे जायचं: "आजी, सुटे दे." आजी एका नोटेची दहा नाणी मोजून देणार. आता चार नोटा आणि बारा नाणी. सत्तावीस दिले, उरले पंचवीस. आजींना इंग्रजीतलं गणित वाचता येत नव्हतं, पण सुट्याचा व्यवहार त्यांच्याइतका घरात कोणाचाच पक्का नव्हता. पवननगरच्या भाजी बाजारात त्या विराजला बरोबर नेऊ लागल्या आणि मोड त्याच्याकडून मोजून घेऊ लागल्या. सत्तावीस म्हणताना त्या 'वीस आणि सात, सत्तावीस' असं दोनदा म्हणू लागल्या. ही त्यांची स्वतःची युक्ती, मी सुचवलेली नव्हे.

संदीप यांचा राग दोन-तीन दिवस तसाच होता. पण रोज वर्निअरने बारीक मापं घेणाऱ्या माणसाला, मूल नेमकं कुठे अडतंय हे नोटांमध्ये दिसल्यावर, ओरडण्यापेक्षा बघण्यात रस वाटू लागला.

काय बिघडलं

दुसऱ्या पाळीचा आठवडा फसला. सकाळी वीस मिनिटं काढायची ठरली होती, पण नळाला पाणी त्याच वेळी, डबे त्याच वेळी आणि रात्री उशिरा आलेले संदीप अर्धवट झोपेत. दोन सकाळी भांडणात गेल्यावर त्या आठवड्यापुरता गणिताचा हट्ट सोडला. संध्याकाळी आजींसमोर मराठीचा एक धडा मोठ्याने वाचायचा, एवढंच ठेवलं. आजी सही करायच्या आणि खाली 'वाचले' लिहायच्या.

चाचणी जवळ आली तेव्हा मनीषाने पुन्हा खोडरबर हातात घेतलं. मागच्या पानांवर एके दिवशी अचानक सगळी उत्तरं बरोबर आणि अक्षर आखीव. बाईंनीच फोन करून विचारलं. त्यानंतर मनीषा माझ्याशी मोकळेपणाने बोलली. गृहपाठाची ती रात्र कितीही वाईट असली तरी दिवसभरात मुलाजवळ बसायचा तिचा तेवढाच वेळ होता, आणि तो तिच्याकडून गेला होता. आम्ही वेळापत्रक आखताना याचा विचार कोणी केलाच नव्हता. मग नऊ ते साडेनऊ ही वेळ ठरवून तिची केली. दप्तर बंद, गोष्ट वाचायची, किंवा विराजने वर्गात काय झालं ते सांगायचं. धोरणातली 'संध्याकाळी काय केलं ते वर्गात सांगा' ही सूचना इथे उलट्या दिशेने लागू झाली म्हणायची.

याच सुमारास बाईंनी आणखी एक सांगितलं: विराज फळ्याकडे बघून लिहीत नाही, शेजारच्याच्या वहीत बघतो. डोळे तपासले. चष्मा लागला, दूरच्या नजरेचा. डायरी पूर्ण येऊ लागली आणि ग्रुपवरची रोजची विचारणा थांबली. वजाबाकीशी चष्म्याचा काही संबंध नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. कारण घरात काही दिवस 'चष्म्यामुळेच सगळं होतं' असा सूर लागला होता आणि नोटा-नाणी कपाटात गेली होती. ती पुन्हा बाहेर काढावी लागली.

फेब्रुवारीअखेरची स्थिती

मागच्या पानांवर ३५ सारखी उत्तरं दिसू लागल्यावर बाईंनी वर्गात काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक सुटा करणं पुन्हा शिकवलं. हीच चूक करणारी आणखी बरीच मुलं वर्गात निघाली. त्यांच्याही वह्या तोवर स्वच्छच होत्या.

विराजची दोन अंकी वजाबाकी आता बहुतेक वेळा बरोबर येते. वर शून्य आलं, म्हणजे ६० − २४ सारखं, की अजून अडखळतो. तोंडी मराठीतून सांगितलेले आकडे अधूनमधून उलटतात, पण आता स्वतःच थांबून 'वीस आणि सात' पुटपुटतो. इंग्रजी वाचन संथ आहे. अक्षर होतं तसंच. चाचणीतली श्रेणी फारशी वर गेलेली नाही आणि संदीप यांना ते खुपतं. शाळेने गृहपाठ कमी केलेला नाही. विराज साडेनऊनंतर लगेच झोपतो.

वेगळं काय करता आलं असतं

डोळ्यांची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती. डायरी अर्धवट येते हे पहिल्या भेटीतच कळलं होतं आणि त्याचा अर्थ 'लक्ष नाही' असाच सगळ्यांनी घेतला. दुसरीच्या मुलाबाबत ही तपासणी कुठल्याही चर्चेच्या आधी करावी, असं मी आता प्रत्येक पालकाला सांगते.

बाईंची भेटही लवकर शक्य होती. पालकसभा सप्टेंबरमध्ये झाली होती. तिथे मनीषाने 'घरी फार वेळ लागतो' एवढं जरी म्हटलं असतं, तरी निदान प्रश्न उभा राहिला असता. आपल्याकडे पालकसभेत मुलाची अडचण सांगणं म्हणजे स्वतःची तक्रार करणं वाटतं, हा त्यातला खरा अडसर.

क्लासच्या ताईंना सामील करून घेता आलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे पक्कं नाही. न खोडण्याची अट त्यांनी मानली असती तर दुसऱ्या पाळीचे आठवडे सोपे गेले असते. बाकीच्या अकरा मुलांचे पालक पूर्ण वहीसाठी पैसे देत असताना एकाची वही अपुरी पाठवणं त्यांना परवडलं असतं, असं मात्र वाटत नाही.

जूनमध्ये विराज तिसरीत जाईल आणि बाई बदलतील. मागच्या पानांची सवलत ही या बाईंशी झालेली तोंडी समजूत होती, शाळेचा नियम नव्हे. त्यामुळे नव्या वर्गशिक्षिकेला पहिल्या आठवड्यातच भेटायचं, बरोबर या वर्षीची वही न्यायची, आणि या वेळी बोलायचं काम संदीप यांनी करायचं असं ठरलंय. पहिली पाळी असेल तर ते तीनला शाळेत पोचू शकणार नाहीत, म्हणून त्यांनी पाळी बदलून मागितली आहे. मुलगा आठ पूर्ण करेल ऑगस्टमध्ये. तोपर्यंत आकडे उलटणं आणि वाचनाचा वेग यांची नोंद मनीषा ठेवतेय. तपासणीचा निर्णय ती बघून घेऊ.